माळवदाच्या घरातील गॅसची शेगडी

हिंगोली जिल्ह्यातील जुनी घरे धुराच्या हिशेबाने बांधलेली आहेत. माळवदाच्या छतास सवणे ठेवलेले असते. चुलीचा धूर वर चढतो, सवण्यावाटे बाहेर पडतो, आणि त्याच सवण्यातून दिवसा थोडा उजेड आत येतो. भिंती जाड, खिडक्या लहान व उंचावर, उंबरठा चांगला वीतभर. माळवद जाऊन पत्रे आले तरी या रचनेत फारसा फरक पडत नाही. पत्रा व भिंत यांमधील फट धुरास वाट करून देते. पिढ्यान्‌पिढ्या या घरांतून पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या जळत आल्या, आणि स्वयंपाकघरातील धोका वर जातो ही समजूत गवंड्यापासून भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडून गेली.

स्वयंपाकाचा गॅस नेमका उलट वागतो. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला म्हणजे तो जमिनीवर उतरतो, पाण्यासारखा पसरतो, सखल जागा शोधतो, मोरीत शिरतो आणि उंबरठ्याशी येऊन अडतो. सवण्याचा त्याला काहीच उपयोग नाही. धुरासाठी उत्तम असलेले घर गॅसच्या बाबतीत हौदासारखे ठरते. आणि अशा घरात जे जे पेटलेले असते ते सर्व जमिनीलगतच असते: चूल खाली, देवापुढील समई खाली, उदबत्ती खाली, न्हाणीचे पाणी तापविण्याचे चुलवण तर त्याहूनही खाली. टाकी व शेगडी जोडताना जी काळजी घ्यावयाची, तिचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. नियम पाठ असूनही त्यामागील हे कारण ठाऊक नसेल, तर अडचणीच्या वेळी माणूस नको तेच करून बसतो.

हा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण होय. दाबाखाली त्याचा द्रव होतो व तो द्रव पोलादी टाकीत भरलेला असतो. थंड देशांत घराबाहेर प्रोपेनची मोठी टाकी ठेवून तांब्याच्या नळीने गॅस आत आणण्याची पद्धत आहे. तेथे ब्यूटेन फारसा चालत नाही, कारण शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेनची वाफ मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपल्याकडे टाकी घरातच असते, आणि म्हणून काळजीही घरातच घ्यावी लागते. मुंबईत १९५५ च्या सुमारास हा गॅस घरगुती वापरासाठी मिळू लागला; खेड्यापाड्यांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर. शहरातील कुटुंबांना सवय व्हावयास जी दोन-तीन पिढ्यांची उसंत मिळाली, ती सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील खेड्यास मिळालेली नाही.

किती गॅस गळाला म्हणजे धोका होतो, याचा ढोबळ हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा स्वतः करून पाहावा. स्वयंपाकाची खोली दहा फूट लांब व दहा फूट रुंद धरली, तर जमिनीलगतच्या एक फूट उंचीच्या थरात १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटर हवा असते. हवेत या गॅसचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास झाले की ठिणगी पडताच मिश्रण पेट घेते. त्या थरात तेवढे प्रमाण होण्यास ५६ लिटर वायू पुरतो. टाकीतील द्रवाची वाफ सुमारे २५० पट जागा व्यापते, म्हणून ५६ लिटर वायूसाठी पाव लिटरहूनही कमी द्रव लागतो. पाणी पिण्याचा एक पेला, वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास! भरलेल्या घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. असे शंभराहून अधिक पेले तीत मावतात. दूध उतू जाऊन मोठा बर्नर विझला व तो तसाच उघडा राहिला, तर तासाभरात एवढा गॅस सहज बाहेर पडतो.

शेगडी वर, टाकी खाली

टाकी सपाट जमिनीवर उभी ठेवावयाची आणि शेगडी टाकीच्या माथ्याहून उंच ओट्यावर ठेवावयाची, हा पहिला नियम. टाकीचा व्हॉल्व्ह जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर येतो. शेगडी जमिनीवर असली तर व्हॉल्व्हपाशी गळलेला गॅस उतरत उतरत थेट पेटलेल्या बर्नरवर येतो. शेगडी उंचावर असली तर तो ज्योतीच्या खालून निघून जातो व वासाने घरातील माणसांना सावध होण्यास अवसर मिळतो. ओटा सिमेंटचाच हवा असे नाही. विटांचे दोन खांब अडीच फूट उंच घेऊन त्यांवर शहाबादी फरशी बसविली तरी काम भागते. लाकडी टेबल मात्र टाळावे, व त्यावर प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र अंथरण्याची हौस तर मुळीच करू नये.

पण येथे एक खरी अडचण आहे व ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आपल्याकडील स्त्रिया बसून स्वयंपाक करतात. ज्वारीची भाकरी परातीत थापून तव्यावर टाकावयाची व आहारावर फुगवावयाची, हे सारे बसूनच होते. साठी उलटलेल्या बाईस उभे राहून दहा-बारा भाकरी करा असे सांगितल्यास ती मान डोलावते, आणि कार्यकर्ता गेला की शेगडी पुन्हा जमिनीवर येते. शिवाय टाकीची किंमत पाहता न्हाणीचे पाणी, जनावरांचे आंबोण व भाकरी चुलीवर, आणि चहा, भाजी व पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, अशी वाटणी बहुतेक घरांतून झालेलीच असते. ती वाटणी मोडण्याचा हट्ट धरू नये. चूल बंद करा असे सांगण्यापेक्षा चूल बाहेर काढा असे सांगणे शहाणपणाचे. ओसरीच्या कडेला किंवा परसात आडोसा करून चूल मांडावी, भाकरी तेथेच होऊ द्याव्यात, आणि गॅस असलेल्या खोलीत दुसरा कोणताही विस्तव ठेवू नये. एका खोलीत दोन अग्नी नकोत, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

ज्या घरी खोलीच एक आहे, तेथे निदान दोन्ही एकाच वेळी पेटवू नयेत. चुलीतील निखारे पाणी मारून पूर्ण विझवावेत. राखेखाली झाकलेला निखारा वरून मेलेला दिसतो, पण सकाळपर्यंत जिवंत असतो. चूल पुन्हा पेटविण्यास काडी वाचावी म्हणून तो मुद्दाम राखूनही ठेवतात. रात्री गॅस गळाला तर तो त्या निखाऱ्याकडेच जातो.

खोलीच्या दारास उंच उंबरठा असेल तर भिंतीत जमिनीलगत, टाकीच्या बाजूस, वीतभर लांबीरुंदीचे एक भोक पाडून त्यास जाळी बसवावी. उंदीर-साप येऊ नयेत म्हणून जाळी बारीक असावी. हे भोक अंगणाच्या उतारावर निघावे. शेजारच्या खोलीत किंवा गोठ्यातील चुलवणाकडे निघू नये. पावसाळ्यात ते चिंध्या कोंबून बंद करण्याची सवय असते, तीही मोडावी लागेल. सवणे राहू द्यावे, कारण बर्नर जळत असतानाची उष्ण हवा व वाफ त्यातूनच बाहेर पडते. पण गळलेल्या गॅसची वाट जमिनीलगत आहे, हे घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असावे.

आता टाकीच्या शेजाऱ्यांविषयी. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घरात येतो व भाव येईपर्यंत राहत्या खोलीत छतापर्यंत रचला जातो. जागा अपुरी असल्याने टाकी त्या कापसाला खेटूनच उभी राहते. कापूस एकदा धुमसू लागला की वरून विझल्यासारखा दिसला तरी आतून जळत राहतो. तेव्हा ज्या खोलीत कापूस आहे त्या खोलीत त्या दोन-तीन महिन्यांपुरता गॅस नसावा. टाकी व शेगडी दुसरीकडे हलवावी. सोयाबीनच्या व तुरीच्या पोत्यांमागे टाकी लपविण्याची रीतही चांगली नव्हे. पोत्यांपाशी उंदीर येतात, आणि उंदरास रबराची नळी कुरतडावयास आवडते.

हळदीच्या हंगामात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, वसमत व कळमनुरी भागांतील पुष्कळ कुटुंबे हळद काढणी व शिजवणीसाठी शेतातील आखाड्यावर मुक्कामास जातात, व घरची टाकी दुचाकीवर आडवी बांधून आखाड्यावर नेली जाते. गॅसची टाकी दुचाकीवरून नेण्यास नियमाने मनाई आहे व ती योग्यच आहे. आडव्या टाकीत द्रव व्हॉल्व्हपाशी येतो, आणि खड्ड्यातील एका हिसक्याने व्हॉल्व्हला इजा होऊ शकते. आखाड्याची खोलीही एकच. तिच्यात खताची पोती, फवारणीची औषधे, डिझेलचा डबा व विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर. स्टार्टर दाबताच आत ठिणगी पडते, ती बाहेरून दिसत नाही एवढेच. आखाड्यावर गॅस हवाच असेल तर टाकी उभी बांधून बैलगाडीतून किंवा चारचाकीतून न्यावी, आणि शेगडी खोलीत न मांडता उघड्या, पण वारा अडेल अशा छपरीत मांडावी. हळद शिजविण्याची भट्टी त्या छपरीपासून दूर असावी.

जोडणी

पहिली जोडणी वितरकाच्या माणसानेच करावयाची असते व ती घरी येऊन करून देणे हे त्याचे काम आहे. तथापि दर नव्या टाकीस तो येत नाही. टाकी गाडीवरून उतरते व गाडी पुढील गावास जाते. पुढचे काम घरातील बाई किंवा शाळकरी मुलगा करतो. म्हणून ते दोघांनाही नीट यावयास हवे.

टाकी ताब्यात घेतानाच काही गोष्टी पाहून घ्याव्यात. टोपणावरील सील शाबूत असावे. टाकीचे रिकामे वजन तिच्या गळ्याच्या पट्टीवर किलोत लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळविले म्हणजे भरलेल्या टाकीचे वजन येते. ते काट्यावर पाहण्याचा ग्राहकास हक्क आहे. त्याच पट्ट्यांपैकी एकीच्या आतील बाजूस इंग्रजी ए, बी, सी किंवा डी हे अक्षर व त्यापुढे सालाचे दोन आकडे रंगविलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर व डी म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीनंतर टाकीची चाचणी व्हावयास हवी असते. मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये, बदलून मागावी. पोचे आलेली, तळाचे कडे तुटल्यामुळे डुगडुगणारी टाकीही परत करावी.

जोडणीपूर्वी घरातील सर्व विस्तव विझवावा. चूल, समई, उदबत्ती, विडी. दारे-खिडक्या उघडाव्यात. शेगडीच्या दोन्ही चाव्या बंद आहेत की नाहीत हे डोळ्यांनी नव्हे, हाताने फिरवून पाहावे. मग टोपणाची दोरी कड्यातून ओढून टोपण वर उचलावे. ते टोपण फेकून द्यावयाचे नाही. टाकीसच बांधलेले राहू द्यावे, त्याचे काम पुढे येणार आहे.

व्हॉल्व्हच्या आत एक काळे रबरी कडे असते. त्यास कोणी वायसर म्हणतात, कोणी रिंग. टाकी व रेग्युलेटर यांच्यामधील फट हेच कडे बुजविते. टोपण काढल्यावर आत वाकून पाहावे. कडे नसेल, चिरलेले असेल किंवा वाकडे बसले असेल तर ती टाकी जोडूच नये. जुन्या टाकीतील कडे काढून नवीत घालण्याची, किंवा सायकलच्या ट्यूबचे कडे कापून बसविण्याची कारागिरी पुष्कळांना अवगत असते. ती येथे नको. टोपण लावून टाकी घराबाहेर सावलीत उभी करावी व वितरकास कळवावे.

कडे ठीक असल्यास रेग्युलेटरची चावी बंद स्थितीत आहे हे पाहून त्याच्या खालच्या अंगाचे काळे प्लॅस्टिकचे कडे बोटांनी वर उचलावे, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवावा, किंचित डावी-उजवीकडे फिरवीत खाली दाबावा, आणि मग उचललेले कडे सोडून द्यावे. ते खाली बसल्याचे हातास जाणवते. लगेच रेग्युलेटर धरून हलकेच वर ओढून पाहावा. नीट बसला असेल तर तो निघत नाही. निघाला तर पुन्हा बसवावा. हातोडीने ठोकणे, पक्कडीने पिळणे यांचे येथे काहीच काम नाही. काढताना उलट क्रम: आधी चावी बंद, मग काळे कडे वर, मग रेग्युलेटर वर.

आता चावी उघडावी, पण काडी ओढू नये. आधी फेसाची परीक्षा.

वाटीभर पाण्यात अंगाच्या साबणाची किंवा भांडी घासण्याच्या साबणाची चांगली दाट कालवण करावी. बोटाने किंवा चिंधीने तो फेस तीन ठिकाणी लावावा: रेग्युलेटर टाकीस जेथे बसतो तेथे, नळी रेग्युलेटरवर चढते तेथे, आणि नळी शेगडीवर चढते तेथे. मग तीस मोजेपर्यंत थांबून पाहावे. कोठेही बुडबुडा फुगू लागला, तर तेथे गळती आहे. काही ठिकाणी पेटती काडी नळीजवळ फिरवून गळती शोधतात. साप बिळात आहे की नाही हे पाहण्यासाठी बिळात हात घालण्यासारखाच हा प्रकार होय. फेस कोरडा राहिला तरच काडी पेटवावी, ती बर्नरपाशी न्यावी, आणि मग चावी फिरवावी. आधी चावी व मग काडीची शोधाशोध, हा क्रम कधीही नसावा. लायटर असला तरी हेच.

ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी, लांब, भांड्याचे बूड काळे करणारी ज्योत म्हणजे बर्नरची भोके बुजलेली आहेत असे समजावे. तो विझवून, थंड करून, तारेच्या ब्रशने साफ करावा.

नळी

अपघाताचे मूळ पुष्कळदा टाकीत नसून नळीत असते. टाकी कंपनीची, तपासलेली. नळी मात्र बाजारातून मीटरवर कापून आणलेली, हिरवी, पाण्याच्या मोटारीस लावतात तशी. अशी नळी गॅसने कडक होते व उष्णतेने चिरते. वितरकाकडे नारिंगी रंगाची, आत पोलादी तारेचे जाळे असलेली आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी मिळते. तारेच्या जाळ्यामुळे उंदरास ती सहजी कुरतडता येत नाही. तिची लांबी दीड मीटरपर्यंत असते व तेवढीच पुरते. दोन तुकडे जोडून लांबविलेली नळी, किंवा एका टाकीवर दोन शेगड्या चालविण्यासाठी मधे टी घातलेली नळी, ही दोन्ही वाईट. लग्नकार्यात तर हे सर्रास आढळते.

नळी दोन्ही टोकांस पूर्ण आत चढवावी. चढत नसेल तर विस्तवावर शेकून मऊ करू नये. चढल्यावर वरून बारीक तार आवळण्याची आवश्यकता नसते. तार रबरास कापते. नळी शेगडीच्या मागून, ज्योतीपासून दूर, उघडी दिसेल अशी असावी. तिच्यावर कापडाची खोळ शिवू नये, भिंतीत पुरू नये, व तिच्यावर पोळपाट-लाटणे टांगू नये. महिन्यातून एकदा ती हातात वाकवून पाहावी. वाकल्यावर बारीक भेगा दिसू लागल्या तर मुदतीची वाट न पाहता बदलावी. मुदत पाच वर्षांची आहे.

वास आल्यास

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. वास आला की घरातील बाईचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे जातो, विशेषतः रात्री. हा हात आवरणे सर्वांत कठीण व सर्वांत आवश्यक. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. म्हणून जे चालू आहे ते चालू व जे बंद आहे ते बंद राहू द्यावे. पंखाही लावू नये. मीटर घराबाहेर व वासापासून दूर असेल तरच मुख्य बटण तेथून बंद करावे. मोबाइल घराबाहेर जाऊनच वापरावा. अंधारातच रेग्युलेटरची चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुले व म्हातारी माणसे बाहेर काढावीत. वास टाकीच्या व्हॉल्व्हचाच असेल तर रेग्युलेटर काढून ते राखून ठेवलेले टोपण घट्ट बसवावे व टाकी उभीच उचलून मोकळ्या जागी न्यावी. लोळवीत नेऊ नये. वाऱ्याच्या खालच्या अंगास शेजाऱ्याची चूल पेटलेली असेल तर ती विझविण्यास सांगावे. मदतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

टाकीपाशीच आग लागली व चावीपर्यंत हात सुखरूप पोहोचत असेल, तर ओल्या कापडाने हात झाकून चावी बंद करावी. पोहोचत नसेल तर टाकी वाचविण्याच्या नादी लागू नये. माणसे व दावणीची जनावरे दूर न्यावीत आणि ११२ वर कळवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. हा हळदीचा जिल्हा आहे व भाजले की हळद हे समीकरण घरोघरी पक्के आहे. परंतु ताज्या भाजलेल्या जागेवर हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. कंपन्यांनी अशा अपघातांसाठी विमा उतरविलेला असतो, त्यासाठी ग्राहकास हप्ता भरावा लागत नाही. मात्र वितरकास ताबडतोब लेखी कळविणे जरूर असते.

या जिल्ह्यापुरती आणखी एक सूचना. वसमत, कळमनुरी व औंढा भागांत जमिनीतून गूढ आवाज येणे व धक्के बसणे नवीन नाही. पांगरा शिंदे परिसर त्यासाठी वर्षानुवर्षे परिचित आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, त्यांतील मोठा ४.५ तीव्रतेचा होता. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. दोन्ही वेळा घरोघरी चहाचे आधण असण्याच्या होत्या. अशा वेळी लोक बाहेर धावतात व धावावेही. पण परत आत जाताना पहिल्याने कोणी दिवा लावू नये, चूल पेटवू नये. एकाच जाणत्या माणसाने वास घेत जावे, रेग्युलेटर बंद करावा, टाकी सरकली किंवा नळी ताणली आहे काय ते पाहावे, व फेसाची परीक्षा झाल्यावरच शेगडी पेटवावी.

प्रात्यक्षिक

ही सारी माहिती कागदावरून सांगितल्यास निम्मी विसरली जाते. बचत गटाच्या बैठकीत किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर, उघड्यावर, एक रिकामी होत आलेली टाकी, एक रेग्युलेटर, नळी व शेगडी घेऊन वितरकाच्या माणसाच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक करावे. प्रथम कार्यकर्त्याने करून दाखवावे, नंतर चार बायकांकडून करवून घ्यावे; पुरुषांनी भोवती उभे राहून सूचना देऊ नयेत. रेग्युलेटर बसविणे व काढणे डोळे मिटून करावयास लावावे, कारण प्रसंग बहुधा अंधारात येतो. भेगाळलेली जुनी नळी व चिरलेले वायसर गावातूनच गोळा करून दाखविल्यास उत्तम.

अशा वेळी एखादी आजी हमखास विचारते, "लेकरा, वास तर वरी नाकाला येतो की, मंग गॅस खाली कसा बसतोय म्हन्तोस?" प्रश्न चांगला आहे व त्यास टाळू नये. "आजी, पोत्यातून धान्य खाली सांडलं की धूळ तेवढी वर उडते. नाकाला येते ती धूळ. ढीग पायापाशीच असतो," असे उत्तर दिल्यास ते ध्यानात राहते. ज्यांना तंबाखू-मिश्रीची जुनी सवय आहे किंवा सर्दी आहे, त्यांना तो वास उशिराही येतो. म्हणून रात्री निजण्यापूर्वी वास आला नाही तरी रेग्युलेटरची चावी बंद करावी. नुसती शेगडीची नव्हे.

प्रात्यक्षिक झाल्यावर त्याच आठवड्यात पाच-सहा घरी जाऊन शेगडी कोठे मांडली आहे ते पाहून यावे. जमिनीवर आढळल्यास रागावण्याऐवजी विटा व फरशी कोठून मिळेल याची चौकशी त्या घरच्या कर्त्या माणसापाशी करावी. आणि नवी नळी बसविली असेल तेथे ती बसविल्याचा महिना व साल शेगडीमागील भिंतीवर, धुराने पुसणार नाही अशा जागी, गेरूने लिहून ठेवावे.